पायथन, एआय आणि नाशिकचा मीटअप: भाषणात काय सांगतात आणि आपण काय विचारायचं?

सिंहस्थ जवळ येतोय तशी नाशिकच्या बातम्यांत एआयची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, वर्दळ वाढली आहे. २०२७च्या स्नानांना रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला लोटणारी गर्दी कॅमेऱ्यांनी मोजायची, हरवलेली माणसं शोधायची, वाहनतळ सांभाळायचे, आणि हे सगळं एआयच्या मदतीने करायचं, अशा घोषणा कानावर येतात. शेतीच्या बाजूने राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९’ मंजूर केलं. त्यामुळे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारालाही हा शब्द आता टाळता येत नाही. तेवढ्यात घरात इंजिनीअरिंगला असलेली मुलगी सांगते, “शनिवारी पायथनच्या मीटअपला जातेय, एआयवर भाषणं आहेत.”

पायथन काय, मीटअप काय, आणि या दोन्हींचा आपल्या बागेशी किंवा रामकुंडाशी काय संबंध, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मी अशी भाषणं आवर्जून ऐकतो. एआयवरच्या कुठल्याही भाषणात सगळ्यात मोलाचा प्रश्न एकच असतो आणि तो विचारायला इंजिनीअर असावं लागत नाही, हे माझं ठाम मत आहे. त्या प्रश्नापर्यंत जाण्यासाठी आधी थोडी पायाभरणी करू.

## मीटअपला असतं काय?

एकाच विषयाची आवड असणाऱ्यांनी ठरवून एकत्र जमायचं, त्याला मीटअप म्हणतात. तो क्लास नसतो आणि कंपनीचा जाहिरातीचा कार्यक्रमही नसतो, निदान नसावा. कुणी सुट्टीच्या दिवशी आपल्या ऑफिसची मोठी खोली देतं, कुठे कॉलेजचा सेमिनार हॉल मिळतो. दोन-तीन भाषणं, मध्ये चहा आणि शेवटी प्रश्नोत्तरं असा कार्यक्रम असतो. प्रवेश बहुतेक ठिकाणी फुकट असतो, पण नाव आधी नोंदवावं लागतं, कारण खुर्च्या आणि चहा मोजून ठेवायचे असतात.

बोलणारे आपल्यातलेच असतात. कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात मशीनच्या नोंदी सांभाळतं, कुणी पुण्याच्या कंपनीचं काम गंगापूर रोडच्या घरातून करतं, कुणी अजून तिसऱ्या वर्षाला असतं. भाषणाचे पैसे मिळत नाहीत. मग लोक बोलतात कशाला? दुसऱ्याला समजावताना आपल्याला किती कळलंय ते उघडं पडतं, हे एक कारण. दुसरं कारण पायथनच्या जन्मातच आहे. ही भाषा कुठल्याही एका कंपनीच्या मालकीची नाही. गिडो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना ती लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये पहिली आवृत्ती जगासमोर खुली केली. जगभरच्या लोकांनी भर घालत ती वाढवली. २०१८ मध्ये गिडो यांनी शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवणं सोडलं. आता निवडून आलेली पाच जणांची समिती निर्णय घेते. भारतात ‘पायकॉन इंडिया’ ही परिषद २००९ पासून भरते, पहिली बेंगळुरूत भरली होती. शहराशहरांतले छोटे मीटअप याच रीतीने चालतात: ज्याला जे कळलं ते त्याने बाकीच्यांना सांगायचं.

## पायथन करतं काय?

पायथन ही संगणकाला सूचना देण्याची भाषा आहे. अशा लिहिलेल्या सूचनांना कोड म्हणतात. ही एक ओळ पाहा:

रक्कम = भाव * वजन

ही ओळ पायथनमध्ये जशीच्या तशी चालते. भाव १८०० रुपये क्विंटल आणि वजन २५ क्विंटल असं आधी सांगून ठेवलं असेल, तर रक्कम ४५,००० येते. २००८ मध्ये पायथनची तिसरी पिढी आली, तेव्हापासून अशी नावं देवनागरीत देता येतात. भाषेचे स्वतःचे राखीव शब्द मात्र इंग्रजीच आहेत. ते पस्तीस आहेत, आठवड्याभरात तोंडात बसतात.

मीटअपला नवख्या माणसाला गोंधळात टाकणारी एक गोष्ट हमखास ऐकू येते. एक वक्ता म्हणतो, पायथन हळू चालणारी भाषा आहे. पुढचा म्हणतो, एआयचं जवळपास सगळं काम पायथनमध्ये चालतं. दोघंही बरोबर असतात. द्राक्षाच्या विरळणीला मुकादम टोळी घेऊन येतो, तेव्हा कात्री तो स्वतः चालवत नाही. कुठल्या ओळीला किती माणसं लावायची, आधी काय आणि मग काय, हे तो सांगतो, हात टोळीचे चालतात. मुकादमाच्या बोलण्याचा वेग कमी असला म्हणून एकराचं काम रखडत नाही. पायथन हा तो मुकादम. प्रत्यक्ष आकडेमोड सी सारख्या वेगवान भाषांत लिहिलेले तयार संच करतात. अशा तयार संचाला लायब्ररी म्हणतात. आकड्यांच्या मोठ्या तक्त्यांसाठी नमपाय, एक्सेलसारख्या तक्त्यांसाठी पंडाज आणि एआय मॉडेल घडवण्यासाठी पायटॉर्च ही नावं प्रत्येक भाषणात येतात. पायथनच्या सार्वजनिक भांडारात अशा पाच लाखांहून जास्त लायब्रऱ्या आहेत, फुकट. कोटभर आकड्यांची बेरीज निव्वळ पायथनने एकेक आकडा घेऊन केली आणि तीच नमपायकडे सोपवली, तर वेळेत कित्येक पटींचा फरक पडतो. मीटअपला हे प्रत्यक्ष चालवून दाखवतात आणि सभागृहात तेवढ्यापुरती हमखास कुजबुज होते.

## यंत्र ‘शिकतं’ म्हणजे काय होतं?

समजा, द्राक्षाच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारं काही बनवायचं आहे. संगणकाच्या लेखी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. हे लाखो आकडे एका अवाढव्य सूत्रात घालायचे. सूत्राच्या आत फिरवता येतील असे आणखी लाखो आकडे असतात. शेवटी उत्तर बाहेर पडतं: भुरी असण्याची शक्यता इतकी, निरोगी असण्याची इतकी.

सुरुवातीला हे उत्तर साफ चुकीचं असतं. मग जाणकाराने त्या फोटोवर आधीच लिहून ठेवलेलं खरं उत्तर पाहायचं, चूक किती झाली ते मोजायचं आणि चूक थोडी कमी होईल अशा दिशेने आतले आकडे किंचित हलवायचे. हे हजारो फोटोंवर पुन्हापुन्हा करायचं. याला प्रशिक्षण म्हणतात, आणि आकडे स्थिरावल्यावर जे सूत्र तयार होतं त्याला मॉडेल. भुरी म्हणजे काय, ती का पडते, ढगाळ हवेशी तिचा काय संबंध, यातलं मॉडेलला कुणीही काही सांगितलेलं नसतं. फोटोंमध्ये जे सारखंसारखं आढळलं, तेवढंच त्याच्या आकड्यांत उतरलेलं असतं.

प्रत्येक फोटोवर खरं उत्तर लिहिणारा जाणकार या सगळ्यात पडद्यामागे राहतो. पायथनचा कोड चार दिवसांत होतो. हजारो पानं नीट पाहून त्यांवर डाऊनी की भुरी की नुसता औषधाचा डाग, हे लिहायला आयुष्यभर बाग केलेला माणूस लागतो. नाशिककडे अशी माणसं गावोगावी आहेत, आणि एआयच्या चर्चेत त्यांना फारसं कुणी बोलावत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

## ९९ टक्के आणि ३१ टक्के

आता त्या मोलाच्या प्रश्नाकडे वळू. पिकांचे रोग ओळखण्याच्या संशोधनात ‘प्लांटव्हिलेज’ नावाचा फोटोंचा संग्रह फार वापरला जातो. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सालाते या तीन संशोधकांनी त्यातल्या ५४,३०६ फोटोंवर मॉडेल शिकवलं. त्यात १४ पिकं आणि २६ रोग होते. काही फोटो त्यांनी परीक्षेसाठी बाजूला ठेवले होते. त्यांवर मॉडेलची उत्तरं ९९.३५ टक्के बरोबर आली.

कुठल्याही भाषणात हा आकडा पडद्यावर आला तर टाळ्या पडतील. पण याच संशोधकांनी पुढे आणखी एक परीक्षा घेतली. वेगळ्या परिस्थितीत काढलेले, दुसरीकडून मिळवलेले फोटो त्याच मॉडेलला दाखवले. तिथे बरोबर उत्तरं साधारण ३१ टक्क्यांवर आली. हे त्यांनी स्वतःच आपल्या निबंधात स्पष्ट लिहून ठेवलं. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला त्या ९९ टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो.

असं का झालं? संग्रहातले फोटो बहुतांशी एकेका तोडलेल्या पानाचे होते, सपाट पार्श्वभूमीवर, नीट उजेडात काढलेले. आपल्या बागेत पान वेलीवर असतं. त्याच्यावर दुसऱ्या पानाची सावली, मागे तार आणि बांबू, पहाटेचं दव, ट्रॅक्टरची धूळ आणि बोर्डो हे बुरशीवरचं औषध मारलं असेल तर निळसर पांढरे डाग. हे मॉडेलने कधी पाहिलेलंच नव्हतं.

नाशिकच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. त्या संग्रहात द्राक्ष आहे, पण त्याचे गट चारच आहेत: ब्लॅक रॉट, एस्का, पानांचा करपा आणि निरोगी पान. आपला बागायतदार ज्यांच्या नावाने रात्री जागून काढतो, ते डाऊनी आणि भुरी हे दोन्ही रोग त्या चारांत नाहीत. कांदा तर त्या १४ पिकांत कुठेच नाही. अशा मॉडेलला भुरीचं पान दाखवलं तर ते काय म्हणेल? त्याला ठाऊक असलेल्या नावांपैकीच एखादं निवडेल आणि तेही छातीठोकपणे. ‘मला माहीत नाही’ हे उत्तर त्याच्यात मुद्दाम बसवलेलं नसेल, तर ते येत नाही. त्या उत्तरावर विसंबून औषध मारलं की खर्च वाया जातो, रोग वाढतो आणि चुकीच्या औषधाचे अंश मण्यांत उतरतात. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची अशा अंशांसाठी तपासणी होते, हे निर्यात करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून एआयचं कुठलंही भाषण ऐकताना विचारायचा प्रश्न हा: मॉडेलने आधी कधीच न पाहिलेल्या, आणि आपल्याकडच्या, उदाहरणांवर ते किती वेळा चुकलं?

यातला ‘आधी न पाहिलेल्या’ हा भाग दिसतो तेवढा सोपा नाही. पिंपळगावच्या एकाच बागेत एकाच सकाळी हजार फोटो काढले, ते पिसले, आठशे शिकवायला आणि दोनशे परीक्षेला ठेवले, तर त्या दोनशेंत त्याच वेलींची, त्याच उजेडातली पानं येतात. परीक्षा झाली असं वाटतं, पण पेपर आधीच फुटलेला असतो. खरी परीक्षा दिंडोरीच्या बागेत, दुसऱ्या वाणावर, पुढच्या हंगामात होते. चांगला वक्ता हे न विचारताच सांगतो. विचारल्यावर गडबडला, तर काम अजून कच्चं आहे एवढं समजायचं. त्याला हिणवायचं काहीच कारण नाही, कच्चं काम दाखवायलाही मीटअपच असतो.

## एकच टक्केवारी का पुरत नाही?

हजार पानं घ्या. त्यांतल्या वीस पानांवर रोग आहे. आता प्रत्येक पानाला डोळे झाकून ‘निरोगी’ म्हणणारं मॉडेल बनवा. ते ९८० वेळा बरोबर येईल, म्हणजे ९८ टक्के अचूक. आणि रोगाचं एकही पान पकडणार नाही.

त्यामुळे चुका दोन प्रकारे मोजाव्या लागतात: रोग असून किती सुटले आणि रोग नसताना किती वेळा ओरड झाली. यातली कुठली चूक महाग पडते, हे गणित सांगत नाही, ते ज्याचं नुकसान व्हायचं आहे त्याला कळतं.

कुंभाच्या गर्दीला हेच लागू पडतं. २००३च्या नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. त्यानंतरच्या, २०१५च्या कुंभाआधी मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ झाली, म्हणजे कुंभातल्या अडचणींवर तंत्रज्ञानाचे उपाय शोधणारा उपक्रम. इथल्या तरुणांनी खूप काही करून पाहिलं. त्यात वाटेवर अंथरलेल्या, पायाचा दाब ओळखणाऱ्या चटईने माणसं मोजण्याचाही प्रयोग होता. आता भर कॅमेऱ्यांवर आहे. कॅमेऱ्याचं मॉडेल डोकी मोजायला शिकतं, ते आधी माणसांनी डोक्यांवर खुणा केलेल्या फोटोंवरून. ते फोटो कुठले होते? श्रावणातल्या पावसात उघडलेल्या छत्र्या, डोक्यावरची गाठोडी, खांद्यावरची पोरं आणि पंचवटीच्या अरुंद गल्ल्या त्यांत होत्या का? मॉडेलने गर्दी असल्यापेक्षा जास्त सांगितली तर लोकांना थोडं थांबावं लागेल. कमी सांगितली तर काय होऊ शकतं, हे २००३ने दाखवलं आहे.

आणि मोजणं म्हणजे निर्णय घेणं नव्हे. प्रयागराजला २०२५ मध्ये एआय जोडलेले कॅमेरे होते, तरी २९ जानेवारीच्या पहाटे संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली. आकडा वाढल्यावर कुठला रस्ता बंद करायचा, कुणी करायचा आणि किती मिनिटांत, हे कुठल्याही मॉडेलच्या आत नसतं.

## चॅटजीपीटी यात कुठे बसतं?

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि एआय म्हणजे गप्पा मारणारं यंत्र असा समज रूढ झाला. मूळ तत्त्व वरचंच आहे. पानाच्या फोटोऐवजी इथे मजकूर असतो आणि ‘रोग कुठला’ऐवजी प्रश्न असतो ‘यापुढचा तुकडा कुठला’. मजकुराचे छोटे तुकडे करतात, त्यांना टोकन म्हणतात. अफाट मजकूर वाचून मॉडेल एवढंच शिकतं की या टोकननंतर कुठलं टोकन येण्याची शक्यता जास्त. २०१७ मध्ये गूगलच्या आठ संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली. त्या निबंधावर पहिलं नाव आशीष वासवानी यांचं आहे. आजची बहुतेक भाषा-मॉडेल त्याच रचनेवर उभी आहेत.

म्हणूनच ती कधीकधी नसलेली गोष्ट ठासून सांगतात. ठिबकच्या अनुदानाचा शासन निर्णय विचारला, तर शासन निर्णयासारखा दिसणारा क्रमांक आणि तारीख लिहून देतील, कारण अशा वाक्यात पुढे क्रमांक आणि तारीख येते एवढं त्यांना पक्कं कळलेलं असतं. तो कागद खरंच आहे का, हे पाहणं त्या प्रक्रियेत नसतं.

यावरचा एक उपाय हल्ली जवळजवळ प्रत्येक मीटअपच्या यादीत दिसतो. प्रश्न आला की आधी खऱ्या कागदपत्रांत शोधायचं, सापडलेला उतारा मॉडेलपुढे ठेवायचा आणि त्यातूनच उत्तर द्यायला सांगायचं. याने थापा कमी होतात, बंद होत नाहीत. इथेही आपला प्रश्न तोच, थोड्या वेगळ्या कपड्यात: ज्याचं उत्तर कागदपत्रांत नाहीच, असे वीस प्रश्न विचारून पाहिलेत का? किती वेळा ते ‘सापडलं नाही’ म्हणालं?

## मराठीचं काय?

हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. मीटअपला कुणीतरी यावर बोलावं असं मला नेहमी वाटतं, कारण इथे पायथनच्या एका ओळीत मोठं दुखणं दिसतं.

‘नाशिक’ या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं पोर सांगेल, तीन. पायथनला लांबी विचारली तर ते पाच सांगतं. संगणकाच्या जागतिक अक्षरतालिकेत, म्हणजे युनिकोडमध्ये, न, काना, श, वेलांटी आणि क असे पाच वेगळे घटक आहेत. साठवायला घेतलं तर नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट (बाइट हे साठवणीचं माप) लागतात, म्हणजे पंधरा बाइट. इंग्रजी स्पेलिंगमध्ये हाच शब्द सहा बाइटमध्ये बसतो. आता पायथनला हा शब्द उलटा करायला सांगा. तीन अक्षरं उलटी होऊन ‘कशिना’ यायला हवं. येतं ‘किशान’, कारण काना आणि वेलांटी आपापलं अक्षर सोडून शेजारच्याला जाऊन चिकटतात. ज्याने मराठी नावांची यादी कधी कोडमधून चालवली आहे, त्याला हे दुखणं ओळखीचं वाटेल.

एक गोड बातमीही आहे. पंडाजच्या तक्त्यात भाव ‘१८००’ असा देवनागरी आकड्यांत मजकूर म्हणून आला, तर पायथनची पूर्णांक करणारी साधी आज्ञा त्याची बरोबर संख्या करते. वेगळं काही करावं लागत नाही. मात्र थेट कोडमध्ये देवनागरी आकडा लिहिला तर पायथन चूक दाखवतं.

टोकनचा हिशेब पैशांत उतरतो. या सेवा टोकनवर दर लावतात, आणि मॉडेल एका वेळी किती मजकूर लक्षात ठेवतं तेही टोकनमध्येच मोजतात. तुकडे पाडण्याचे नियम इंग्रजीने भरलेल्या मजकुरावर ठरले असल्याने मराठी वाक्याचा फार चुरा व्हायचा. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने नवं मॉडेल आणताना स्वतःच उदाहरण दिलं: मराठीतल्या एका नमुना मजकुराची आधी ९६ टोकन व्हायची, आता ३३ होतात. म्हणजे त्याआधी मराठीत विचारणारा माणूस तेवढ्याच मजकुराला जवळजवळ तिप्पट मोजत होता. सुधारणा झाली हे चांगलंच. पण आपली बाजू मांडायला आपलं कुणी नसेल तर असं वर्षानुवर्षं चालतं, हेही त्यातून दिसतं.

मराठीवर काम होतंय. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये मराठी मजकुराचा मोठा संग्रह आणि त्यावर शिकवलेली ‘महाबर्ट’ मॉडेल सगळ्यांसाठी खुली केली. आयआयटी मद्रासचा एआय-फॉर-भारत गट भारतीय भाषांसाठी मॉडेल आणि डेटा खुला करतो. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प भाषांतर आणि आवाजावर आहे. तरी चांदवड-कळवणकडची बोली, अहिराणी किंवा बाजार समितीतल्या लिलावाचं बोलणं यांत किती आहे? तो डेटा इथलीच माणसं जमवू शकतात.

## “एआयच कोड लिहितं, मग पायथन शिकायचं कशाला?”

पालक आणि विद्यार्थी दोघंही हे विचारतात, आणि शंका रास्त आहे. आज चार वाक्यांत मागणी सांगितली की यंत्र चालणारा पायथन कोड लिहून देतं. पण वरच्या पानांच्या फोटोंचं उदाहरण घ्या. ‘माझ्या हजार फोटोंवर मॉडेल शिकव आणि तपास’ असं सांगितलं, तर बहुतेक वेळा ते फोटो पिसून आठशे-दोनशे असेच वाटेल. कोड बिनचूक चालेल आणि ९९ टक्के दाखवेल. एका वेलीचे फोटो दोन्हीकडे गेलेत हे ओळखायला ती ओळ वाचता यायला हवी, आणि बागही माहीत हवी. टाइप करण्याची मेहनत कमी झाली आहे. काय तपासायचं हे ठरवणाऱ्याची गरज मला वाढलेलीच दिसते. नुसतं टाइप करण्यावर ज्यांची नोकरी उभी होती, त्यांची जागा आक्रसेल, हे लपवण्यात अर्थ नाही.

## “आम्ही आयटीवाले नाही, इंग्रजी जेमतेम, लॅपटॉप जुना”

मशीन महाग लागत नाही. गूगलची कोलॅब सेवा ब्राउझरमध्ये पायथन चालवू देते आणि मर्यादित वेळासाठी प्रशिक्षणाला लागणारी वेगवान चिपही फुकट देते. इंग्रजीचं म्हणाल, तर भाषणात शब्द इंग्रजी असले तरी चहाच्या वेळी सगळे मराठीतच बोलतात, आणि प्रश्न मराठीत विचारला म्हणून कुणी अडवत नाही. आयटीत नसणं ही तर जमेची बाजू. बागायतदार, नर्स, बाजार समितीतला हिशेबनीस समोर बसला की वक्त्याला खऱ्या जगातले प्रश्न येतात.

## पाच मिनिटं बोलायचं असेल तर

बहुतेक मीटअपच्या शेवटी छोटी भाषणं असतात, त्यांना लाइटनिंग टॉक म्हणतात. पाच मिनिटं, एक मुद्दा. पहिल्यांदा बोलणाऱ्याला याहून चांगली सुरुवात नाही.

विषय सुचवू का? लासलगाव-पिंपळगावचे कांद्याचे रोजचे भाव ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. दोन वर्षांचे उतरवून पंडाजमध्ये घ्या. उद्याच्या भावाचं भाकीत करणारं मॉडेल बनवायच्या आधी एक अगदी साधा अंदाज लिहा: उद्याचा भाव आजच्याइतकाच. तो रोज सरासरी किती रुपयांनी चुकतो ते काढा. मग मॉडेल शिकवा, पण दिवस पिसू नका. पहिली दीड वर्षं शिकवायला आणि शेवटचे सहा महिने परीक्षेला ठेवा, नाहीतर मॉडेलला पुढचे भाव आधीच कळलेले असतील. शेवटी दोन्ही चुका शेजारी शेजारी दाखवा. मॉडेल त्या साध्या अंदाजापेक्षा कमी चुकलं तर किती ते सांगा. जास्त चुकलं तर तेही तसंच सांगा, आणि निर्यातबंदी किंवा अवकाळीच्या आठवड्यांत नेमकं काय झालं ते आलेखावर बोट ठेवून दाखवा. पडद्यावरची अक्षरं मोठी ठेवा, मागच्या रांगेला वाचता आली पाहिजेत, आणि कोड खुला ठेवा म्हणजे कुणीही घरी जाऊन तो चालवून पाहील.